अक्षर नको, महिना सांगा

मंडळी, नमस्कार. निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘टायगर रणगाड्याचे उत्पादन-टप्पे कसे ओळखावेत’ असा छापलाय. तो होईलच. पण थेट टायगरला हात घातला की लोक एक क्युपोला, म्हणजे बुरुजावरचा कमांडरचा छोटा घुमट, आणि दोन चाकं पाठ करून घरी जातात आणि पुढच्याच फोटोला अडकतात. म्हणून सुरुवात पँथरपासून, म्हणजे टायगरसारख्याच दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्यापासून, करतो. हरकत नसावी. असली तरी माइक माझ्याकडे आहे.

नगरचं रणगाडा संग्रहालय इथल्या बहुतेकांनी पाहिलं असेल. तिथे मॅटिल्डा आहे, व्हॅलेंटाइन आहे, जपानी हा-गो आहे. टायगर-पँथर नाही. त्यामुळे आपला सगळा अभ्यास फोटोंवर आणि प्लास्टिक किटच्या खोक्यांवर. खोक्यावर उपप्रकाराचं ठळक अक्षर छापलेलं असतं, ‘पँथर ए’ किंवा ‘पँथर जी’, आणि आपण ते अक्षर आधार कार्डावरच्या जन्मतारखेइतकं खरं मानतो. माझं सगळं भांडण या अक्षराशी आहे. रणगाडा समोर आला की ‘कुठलं अक्षर?’ असं विचारू नका. कुठल्या महिन्यात आणि कुठल्या कारखान्यात बनला, ते विचारा. अक्षर मिळालं तर मिळालं.

आता पँथरची अक्षरं बघा. पहिला आला डी, जानेवारी १९४३ मध्ये. रशियात कुर्स्कच्या लढाईला जुलैत जे सुमारे २०० पँथर उतरले, ते सगळे डी. त्यानंतर त्याच वर्षी उन्हाळा सरता सरता आला ए. आणि मार्च १९४४ पासून जी. डी, ए, जी! बाराखडी येणाऱ्या माणसाने हा क्रम लावला नसता. (मागे कोणीतरी ‘शिस्तप्रिय जर्मन’ म्हणून हसलं. मी ऐकलं.)

बरं, हे तीनही प्रकार एका जागी बनत नव्हते. न्यूरेंबर्गला एमएएन, बर्लिनला डाइमलर-बेंझ, हानोव्हरला एमएनएच, आणि सुरुवातीच्या काळात कासेलला हेन्शेल. कागदावर हुकूम निघायचा की अमुक भाग आता असा करा. पण एकाच्या गोदामात जुने भाग पडलेले, दुसऱ्याचे संपलेले, तिसऱ्याच्या शेडवर आदल्या रात्री बॉम्ब पडलेले. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा तो बदल करणार. आपल्या एसटीसारखंच आहे हे. दापोडीत बांधलेली बॉडी, चिकलठाण्यातली आणि हिंगण्यातली, बोर्डावर नाव एकच ‘परिवर्तन’, पण डेपोत उभा राहणारा पक्का एसटीवेडा नुसती मागची शिडी बघून वर्कशॉप सांगतो. त्या मुलाला जर्मन रणगाडे दाखवा, सहा महिन्यांत आपल्या सगळ्यांना मागे टाकेल.

आता जरा माझं दुखणं सांगतो. आयोजकांना ते माहीत आहे, म्हणून ते आत्ताच घड्याळाकडे बघताहेत.

एका स्पर्धेत मी पँथर ए ठेवला होता. शहर सांगत नाही, परीक्षकांचं नाव तर मुळीच नाही. मी ठरवून १९४३ च्या ऑक्टोबरमधला पँथर केला होता. म्हणजे टरेट, तोफेचा फिरता बुरूज, नवा. ओतीव पोलादाचा क्युपोला, त्याच्याभोवती सात पेरिस्कोप. डीचा क्युपोला ढोलासारखा उंच आणि त्याला सहा फटी, तो नव्हे. पण खाली हलच्या, म्हणजे रणगाड्याच्या धडाच्या, उतरत्या पत्र्यावर, रेडिओवाल्याच्या समोर, मशीनगनसाठी जुनंच लहान आयताकृती झाकण. गोल बॉल माउंट, म्हणजे मशीनगनची फिरती बैठक, नाही. तोफेच्या ढालीवर दुर्बिणीसाठी शेजारी शेजारी दोन भोकं. आणि सगळ्या अंगावर झिमेरिट, म्हणजे चुंबकी सुरुंग चिकटू नये म्हणून कारखान्यात थापायचे तो लेप. एपॉक्सी पुट्टीचा पातळ पापुद्रा लाटायचा, मॉडेलवर बसवायचा, आणि तो ओला असतानाच बारीक स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एकेक आडवी रेघ दाबत जायचं. रेघ जरा तिरकी गेली की पूर्ण पापुद्रा काढून पुन्हा. घरच्यांनी त्या महिन्यात माझं नाव टाकलं होतं.

परीक्षक आले. चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, “हे काय केलंत? ए आहे ना? मग बॉल माउंट कुठाय?”

मी म्हणालो, “सर, बॉल माउंट नोव्हेंबरच्या अखेरीस, डिसेंबरात यायला लागला. हा ऑक्टोबरचा आहे.”

“पण हल तर डीचं दिसतंय.”

“हो सर. डीचं हल आणि नवा टरेट, त्यालाच सुरुवातीला ए म्हणायचे.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं तिकीट तपासनीस विनातिकीट माणसाकडे बघतो. मग ढालीवरची दोन भोकं दाखवली. मी सांगितलं, दोन डोळ्यांची दुर्बीण तेव्हा अजून चालू होती, एका डोळ्याची त्याच हिवाळ्यात आली. कागदावर त्यांनी लिहिलं, ‘डी आणि ए यांची सरमिसळ.’ गुण कापले. त्यांच्या हातात एका किटची सूचनापत्रिका होती, तिच्यात ए म्हणजे बॉल माउंट असं चित्र होतं. ते चित्रही खोटं नव्हतं, फक्त १९४४ चं होतं. पहिलं बक्षीस एका अमेरिकन शर्मन रणगाड्याला गेलं. छान होता. शर्मनवर माझा राग नाही.

मी हे नुसतं रडगाणं म्हणून सांगत नाही. बरं, थोडं म्हणूनही सांगतोय. पण त्या मॉडेलवर तीन खुणा एकत्र आल्या होत्या, त्या नीट बघा. झिमेरिट कारखान्यात लागायला लागलं १९४३ च्या सप्टेंबरच्या सुमारास. बॉल माउंट आला त्याच वर्षाच्या अखेरीस. म्हणजे एखाद्या फोटोत नवा क्युपोला, अंगावर कारखान्याचं झिमेरिट आणि खाली जुनं झाकण असं एकत्र दिसलं, तर तुमच्या हातात जेमतेम तीन महिन्यांची खिडकी आली. अक्षराने तुम्हाला जवळजवळ वर्षभराचा काळ दिला असता.

झिमेरिटवरून आठवलं. शत्रूचे चुंबकी सुरुंग येतील या धास्तीने हा लेप लावला, आणि दोस्तांनी तसले सुरुंग फारसे वापरलेच नाहीत. पुढे अफवा उठली की गोळा लागला की लेप पेट घेतो. चाचणीत तसं काही निघालं नाही, पण १९४४ च्या सप्टेंबरात हुकूम आला, लेप बंद. आपल्याला मात्र त्या लेपाने फार मोठी मदत करून ठेवली, कारण प्रत्येक कारखान्याचा हात वेगळा. श्टुगवर, म्हणजे टरेट नसलेल्या त्या बुटक्या, पट्ट्यांवर चालणाऱ्या तोफेवर, चौकोनी जाळीदार नक्षी दिसली की बर्लिनचं आल्केट. फरशी बसवल्यासारखे तुकडे दिसले की एमआयएजी. फोटोत नंबर नाही, तारीख नाही, पण कामगाराचा हात आहे!

चिठ्ठी आली. “दहा मिनिटं. टायगर राहिला.” चालेल, पळतो.

जी पँथर दोन वाक्यांत. टरेटकडे बघू नका, हलची बाजू बघा: डी आणि एच्या बाजूच्या पत्र्याची खालची कड मागे जाऊन मोडते, जीची सरळ तिरकी जाते. आणि समोरच्या पत्र्यात चालकासाठी असलेली झडप जीला नाही, त्याला वर पेरिस्कोप दिलाय. ढालीला खाली हनुवटी असेल तर तो सप्टेंबर १९४४ नंतरचा जी. पण हनुवटी नसेल तर त्याआधीचा, असं उलटं म्हणता येत नाही, कारण जुन्या ढाली शेवटपर्यंत लागत राहिल्या.

आता टायगर. इथे माझा मुद्दा सगळ्यात सोपा आहे, आणि वेळ सगळ्यात कमी. ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४, कासेलच्या हेन्शेलमध्ये सुमारे १,३५०. टरेट शेजारीच वेगमानकडे जुळायचे. आणि एवढ्या सगळ्यांना अक्षर एकच, ई! आधी एच-१ म्हणायचे, मग १९४३ मध्ये ई म्हणू लागले. नाव बदललं तेव्हा गाडी बदलली नाही, आणि गाडी बदलत गेली तेव्हा नाव बदललं नाही. ‘अर्ली, मिड, लेट’ ही पुढच्या अभ्यासकांनी आणि किटवाल्यांनी दिलेली नावं. म्हणजे टायगरच्या बाबतीत महिन्याशिवाय तुमच्याकडे दुसरं काहीच नाही.

तर महिने. ढोलासारखा उंच क्युपोला जुलै १९४३ पर्यंत, मग नवा टरेट आणि बसका, पेरिस्कोपवाला क्युपोला. रबरी कड असलेली चाकं फेब्रुवारी १९४४ पर्यंत, मग पोलादी, कारण रबर मिळेना. टरेटच्या उजव्या मागच्या अंगाला गोल दार दिसलं तर १९४२ च्या डिसेंबरनंतरचा. मागच्या बाजूला धुळीसाठीचे फायफेल फिल्टर असले तर १९४२ चा हिवाळा ते १९४३ चा शरद. हेडलाइट आधी दोन, १९४३ च्या शरदात एक, पुढे तोही मधोमध. आणि मायबाखचं इंजिन पहिल्या २५० नंतर बदललं. रणगाड्यातला हा सगळ्यात मोठा बदल, आणि त्याचा बाहेरून जवळजवळ पत्ता लागत नाही.

घरी जाऊन दोन फोटो शेजारी ठेवा. एक इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयातला १३१ क्रमांकाचा, एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला. दुसरा नॉर्मंडीतल्या विमुतिये गावाजवळ १९४४ च्या ऑगस्टात सोडून दिलेला. दोघंही ई. क्युपोला वेगळा, चाकं वेगळी, एकावर लेप, एकावर नाही.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. दुरुस्तीच्या डेपोतून परत आलेल्या गाडीला जे हाताशी असेल ते बसवायचे. म्हणून एकट्या चाकावर कधीही विश्वास टाकू नका, चाक बदलता येतं. आधी जोडलेले पत्रे, मग टरेट, मग ओतीव भाग, आणि चाकं, पट्टे, दिवे सर्वांत शेवटी. रंगाबद्दल तर बोलायलाच नको.

काका, तुमचा हात वर आहे, पॅन्झर चार या दुसऱ्या जर्मन रणगाड्याचा एफ-२ की जी, हेच ना? लांब तोफ बसवलेला एफ-२ १९४२ मध्ये कागदावर जी झाला. तीच गाडी. त्यावर लोक अजून भांडतात. आणि टायगर दोनचा ‘पोर्शे टरेट’ आणि ‘हेन्शेल टरेट’, दोन्ही आखले क्रुप कंपनीने. पहिले ५० पोर्शेच्या नाकारलेल्या आराखड्यासाठी बनवले होते, म्हणून ते नाव चिकटलं.

शेवटची स्लाइड लावा. हा बोव्हिंग्टनचाच पँथर, जी. हानोव्हरच्या कारखान्यात उरलेल्या भागांतून युद्ध संपल्यावर, ब्रिटिशांच्या देखरेखीखाली जोडलेला. अक्षर जी, महिना युद्धानंतरचा. याला युद्धकालीन म्हणायचं की नाही, यावर चहाच्या टेबलाशी भांडू. हॉल सातला रिकामा करायचाय.