धुराच्या रकान्यात फक्त खूण

(दृश्य: करवीर तालुक्यातलं एक गुऱ्हाळ. पहाट. चुलवाणाचं तोंड, जवळून.)

दिवाळीच्या आगंमागं ही चुलवाणं पेटतात आणि उन्हाळ्याचं ऊन तापेपर्यंत विझत नाहीत. वर काईलीत उसाचा रस चढलाय. खाली खड्ड्यात बसलेला माणूस चिपाडाचा कवळा उचलतो, आत सारतो, लगेच दुसरा उचलतो. जाळ कमी पडला तर गुळाचा रंग बिघडतो, जास्त झाला तर गूळ करपतो. त्यामुळं गूळ उतरेपर्यंत त्याला जागचं हलता येत नाही.

(दृश्य: रसावर आलेली मळी झाऱ्यानं काढताना. भेंडीचा चिकट रस सोडताना. उकळीचा आवाज पूर्ण ऐकू द्यावा.)

मळी निघते तसा रस उजळत जातो. गुळव्या बोटांवर गोळी धरून पाक पाहतो. घड्याळाकडं कुणी बघत नाही. भौगोलिक मानांकन मिळालेला कोल्हापुरी गूळ असा तयार होतो, आणि त्याबद्दल इथल्या माणसाला अभिमान आहे. आम्हालाही आहे.

आता पुन्हा खालच्या माणसाकडं बघा. धुराडं धूर वर नेतं, सगळा नाही. प्रत्येक कवळ्याबरोबर चुलवाणाच्या तोंडातून धूर आणि राख उलटी बाहेर येते. वारं फिरलं की जास्तच. हे दादा सत्तेचाळीस वर्षांचे आहेत. मिसरूड फुटायच्या आधीपासून जाळ घालतात. विडी ओढत नाहीत, तंबाखूला कधी शिवले नाहीत, दारू नाही.

(दादांचा आवाज: “दम लागतो जरा. धुरातलं काम म्हटल्यावर लागणारच की ओ.”)

(दृश्य: गावातली प्राथमिक शाळा. व्हरांड्यात टेबलं. रांग. आशाताई फॉर्म भरताना.)

आज गावात तपासणी आहे. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांपुढच्या प्रत्येक माणसाचा एक फॉर्म आशाताई भरतात. पहिल्या भागात सहा गोष्टी आहेत: वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल, आणि घरात कुणाला रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे का. प्रत्येक उत्तराला गुण असतात. बेरीज 4 च्या वर गेली की त्या माणसाला पुढच्या तपासणीला आधी बोलवायचं.

टेपकडं बघा, आशाताई ती किती नीट धरतात. पुरुषांचा घेर 90 सेंटीमीटरच्या वर आणि बायकांचा 80 च्या वर गेला की गुण सुरू होतात. दादांची कमर त्याच्या खूप आत आहे. चिपाड वाहणाऱ्या माणसाला पोट सुटणार कुठून? व्यायाम करता का, या प्रश्नावर रांगेतली माणसं हसली. दादांची बेरीज 4 च्या बरीच खाली राहिली.

(दृश्य: फॉर्मचं पान उलटताना. बोट तिसऱ्या भागावर.)

इथं थोडं थांबायला हवं, कारण ही फिल्म आम्ही या पानासाठीच केली. तिसरा भाग दम्यासारख्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा आहे. स्वयंपाकाला काय जाळता: लाकूड, पाचट, शेणी, कोळसा, रॉकेल की गॅस? पाचट, कचरा जाळता का? धूर, वायू, धूळ असलेल्या ठिकाणी काम करता का? प्रश्न नेमके आहेत. ज्यांनी ते घातले त्यांना गावातला धूर ठाऊक होता. पण या भागाला गुण नाहीत. फक्त खूण करायची. दादांच्या पानावर खुणा झाल्या आणि बेरीज होती तिथंच राहिली.

(दृश्य: रक्तदाब तपासणी. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हातातला रंगीत तक्ता.)

पुढचं टेबल हृदयाचं. आधी पाच मिनिटं शांत बसवतात. पाय जमिनीवर, हात टेबलावर, बोलायचं नाही. मग दोन वेळा मोजायचं. दादांचा वरचा आकडा 118.

हा रंगीत तक्ता जागतिक आरोग्य संघटनेचा आहे, 2019 साली सुधारलेला, दक्षिण आशियासाठी वेगळा. वय, बाई की पुरुष, धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल. रक्ततपासणीची सोय नसेल तर उंची-वजनावरूनही चालणारा दुसरा तक्ता असतो. यांवरून तक्त्यातलं आपलं घर, म्हणजे रंगीत चौकोन, सापडलं की पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याची शक्यता कळते. हिरवं म्हणजे 5 टक्क्यांच्या आत, मग पिवळं, नारिंगी, लाल, आणि 30 टक्क्यांपासून पुढं गडद लाल.

अशा हिशोबाची सुरुवात 1948 साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावात झाली. तिथल्या 5209 बायका-पुरुषांची वर्षानुवर्षं तपासणी होत राहिली. रक्तदाब, सिगारेट, कोलेस्टेरॉल यांचा हृदयाशी काय संबंध आहे हे त्यांच्यामुळं जगाला समजलं. मोठं काम होतं ते, आणि आज या शाळेच्या व्हरांड्यातही त्याचा उपयोग होतोय. पण त्या गावात चुलवाण नव्हतं. आजच्या तक्त्यातही धूम्रपानाला जागा आहे, चुलीच्या धुराला नाही. खरं तर विडी असो की चिपाड, धुरातले बारीक कण फुप्फुसात खोल उतरतात, रक्तवाहिन्यांना सूज आणतात आणि हृदयाचा धोका वाढवतात. दादांचं घर हिरव्यात आलं.

(दृश्य: दुसऱ्या टेबलावरचं यंत्र. तीन लिटरची मोठी सिरिंज ओढून यंत्राचं माप तपासताना.)

दोन्ही टेबलांनी दादांना घरी पाठवलं असतं. या शिबिरात तिसरं टेबल होतं.

हा स्पायरोमीटर. फुप्फुसातली हवा मोजायचं यंत्र लंडनच्या जॉन हचिन्सन या डॉक्टरनं 1846 साली जगापुढं मांडलं. ते पाण्यावर तरंगणारं भलंमोठं भांडं होतं, आज तळहातावर मावतं. काम मात्र तेच, आणि अजूनही ते माणसाच्या दमावरच होतं.

(दृश्य: दादा खुर्चीत ताठ. नाकाला चिमटा. तंत्रज्ञ समोर उभी. इथं निवेदन थांबवून तिचा आवाज येऊ द्यावा.)

(तंत्रज्ञ: “दादा, छाती भरून श्वास घ्या. अजून, अजून! ओठ घट्ट. आता फुंका! जोरात, जोरात, थांबू नका, फुंका फुंका फुंका… राहिलेली पण काढा!”)

पहिल्या खेपेला ओठांतून हवा सुटली. दुसऱ्या खेपेला खोकला आला. हे नेहमीचंच आहे. तीन चांगल्या खेपा मिळेपर्यंत तंत्रज्ञ माणसाला सोडत नाही. हवा पूर्ण संपेपर्यंत, साधारण सहा सेकंद तरी फुंकत राहायचं असतं. त्यातली किती हवा पहिल्या एका सेकंदात बाहेर पडली, ते इथं महत्त्वाचं. निरोगी माणूस बहुतेक हवा पहिल्या सेकंदातच सोडतो. नळ्या अरुंद झालेल्या माणसाची हवा अडखळत, उशिरा येते.

(दृश्य: पडद्यावरची रेघ. वर चढून मधेच खोल खचलेली.)

रेघ कशी खचली ते बघा. दादांचं प्रमाण 0.60 आलं, म्हणजे शंभरातली साठच भाग हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडली. मग त्यांना श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सल्ब्युटामॉलचा पंप दिला, पंधरा मिनिटं बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. पंपानं हवा मोकळी झाली असती तर दम्याचा विचार झाला असता. पंपानंतरही प्रमाण 0.70 च्या खालीच राहिलं आणि सोबत दम, खोकला आणि धुराचा इतिहास असला, तर डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात, तिसऱ्या भागातला तोच फुप्फुसाचा जुनाट आजार. दादांचं 0.61 आलं.

(दृश्य: डॉक्टर आणि दादा, बाकावर.)

(डॉक्टर: “सपाट रस्त्यावर तुमच्याच वयाच्या माणसांच्या मागं पडता का?”
दादा: “जोतिबाच्या पायऱ्यांना कधीपासून मागंच असतो मी. म्हटलं, वय झालं.”)

सत्तेचाळिसाव्या वर्षी.

दम लागणं हे फुप्फुसाचं लक्षण आहे आणि हृदयाचंही. म्हणून डॉक्टरांनी घोट्यावर बोट दाबून सूज पाहिली, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला, ईसीजीसाठी चिठ्ठी लिहिली. अंगात ऑक्सिजन कमी पडत राहिला तर हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. भारतात मृत्यूच्या कारणांत हृदयविकाराच्या खालोखाल याच आजाराचं नाव येतं. गेलेली ताकद परत येत नाही. उरलेली सांभाळता येते.

(दृश्य: पंपाला स्पेसर, म्हणजे जोडनळकांडं, लावून औषध कसं घ्यायचं ते दाखवताना. मागं तीन-चार बायका बघतायत.)

“पंपाची सवय लागती म्हणं,” मागून एक मावशी म्हणाल्या. मावशी, सवय लागत नाही. औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रेत काम होतं. मावशींच्या घरी गॅस आहे, पण पाणी आणि भाकरी चुलीवरच होतात. त्यांच्याही तिसऱ्या भागात खूण होती. त्याही फुंकायला बसल्या.

(दृश्य: गाडीतून शिरोलीच्या फाउंड्री, बाहेरून.)

फाउंड्रीतली वाळूची धूळ आणि इचलकरंजीच्या मागांवरचं कापसाचं तूस यांचे प्रश्न वेगळे आहेत. ते सवडीनं दाखवायला हवेत.

(दृश्य: पुन्हा व्हरांडा. डॉक्टर आशाताईंशी बोलताना. त्यानंतर पाटी.)

या शिबिरात एक नियम होता. ज्याच्या तिसऱ्या भागात धुराची किंवा धुळीची खूण आणि सोबत दम किंवा खोकला, त्याला बेरीज न बघता त्याच दिवशी स्पायरोमीटरसमोर बसवायचं. त्यासाठी लागतं एक यंत्र, फुंकायला लावणारं एक शिकलेलं माणूस आणि प्रत्येकाला नवं तोंडाचं नळकांडं. दर माणसामागं अर्धा-पाऊण तास. दादांची पुढची तपासणी शहरातल्या सरकारी रुग्णालयात होईल. चिठ्ठीवर कामाचं स्वरूपही लिहून दिलंय: गुऱ्हाळ, जाळ घालणे.

तुमचा फॉर्म भरला जाईल तेव्हा आशाताईंना तिसरा भाग मोठ्यानं वाचायला सांगा. खूण झाली आणि चालताना दम लागत असेल, तर बेरीज कितीही येऊ द्या, फुंकायची तपासणी मागून घ्या.