साडेबारा घरांचा जेसीबी

(टेबल, वरून शॉट. पिवळ्या-काळ्या तुकड्यांचा ढीग, बाजूला गार झालेला चहा.)

हे जे टेबलावर पसरलंय ना, त्यातून एक जेसीबी होणारे. होणारे म्हणजे, याआधी तीन वेळा झालाय आणि तिन्ही वेळा मीच मोडलाय, हा चौथा. चाकापासून छपरापर्यंत सगळं लेगो टेक्निकच्या, म्हणजे लेगोच्या गियर-दांड्यांच्या प्रकारातल्या, तुकड्यांचं, गोंद नाही, स्क्रू नाही, आणि डब्यासोबत येणारं ते पुस्तकही नाही, कारण या मॉडेलचा डबाच नाहीये. ते मी ठरवतोय. बिघडवतोयही मीच.

(रस्त्यावरचा शॉट. खोदकाम चालू, कडेला दोन पोरं आणि एक आजोबा बघत उभे.)

आधी नावाचं बघू. याचं खरं नाव बॅकहो लोडर, म्हणजे पुढे मोठा बकेट आणि मागे खोदणारा हात, पण ते नाव कोण घेतं आपल्याकडे. कुठल्याही कंपनीचा असला तरी जेसीबीच. तसंच चेनवाला मोठा असेल तर तो पोकलेन, जे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव आहे, आणि मातीचा मोठा डंपर दिसला की हायवा, तेही कंपनीचंच नाव. आपली सगळी साइट अशी ब्रँडच्या नावावर चालते. जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड, या माणसाने १९४५ साली इंग्लंडमधे युटॉक्सिटर गावात एका गॅरेजात सुरुवात केली, १९५३ ला त्यांचा पहिला बॅकहो लोडर आला, आणि १९७९ पासून कंपनी भारतात आहे, हरियाणात बल्लभगडला मोठा कारखाना आणि आपल्या पुण्याजवळ तळेगावच्या बाजूलाही एक. गल्लीत आला की आजही पोरं क्रिकेट सोडून बघायला जातात. आणि सभेला, मिरवणुकीला त्याच बकेटमधून नेत्यावर फुलं पडतात, हे बहुतेक बॅमफर्डसाहेबांच्या डोक्यात नसावं.

(क्लोजअप. हातात एक बीम, एक काळी पिन.)

लेगोचं थोडक्यात सांगतो. डेन्मार्कमधलं बिलुंड गाव, १९३२, ओले कर्क नावाचा सुतार लाकडी खेळणी बनवायला लागतो. आपण ओळखतो त्या विटेचं पेटंट १९५८ चं. आणि १९७७ मधे त्यांनी गियर, ॲक्सल (गियर बसतो तो दांडा) आणि भोकं असलेल्या विटा काढल्या, हेच पुढे टेक्निक झालं, त्या पहिल्या खेपेतच एक फोर्कलिफ्ट होती आणि एक ट्रॅक्टर होता. म्हणजे टेक्निक पहिल्या वर्षापासूनच कामाच्या गाड्यांचं आहे, रेसिंग कार वगैरे माझ्या मते नंतरचं फॅड. (हे कमेंटमधे भांडायला काढलंय, हो.)

आता मोठं मॉडेल बनवणं अवघड असेल असं सगळ्यांना वाटतं. २०१९ ला कंपनीने लिबहेर आर ९८०० काढला, खाणीतला राक्षस एक्स्कॅव्हेटर, ४१०८ तुकडे, सात मोटर, मोबाईलवरून चालतो. जबरदस्त आहे, प्रश्नच नाही. पण तिथे जागा असते हो. मोटर बसत नसेल तर पोट दोन घरं वाढवा, कोणाला कळत नाही. छोट्या मॉडेलमधे एक घर वाढवलं की जेसीबीचा ट्रॅक्टर होतो.

घर म्हणजे काय ते सांगतो. टेक्निकच्या बीमवर, म्हणजे भोकं असलेल्या पट्टीवर, एका भोकापासून पुढच्या भोकापर्यंत अंतर ८ मिलिमीटर, नेहमी, कुठलाही तुकडा घ्या. मी त्याला घर म्हणतो. अख्खं डिझाइन या ८ मिलिमीटरच्या चौकटीत बसवायचं, अधेमधे फार काही मिळत नाही, अर्ध्या जाडीचे बीम आहेत त्यांनी अर्धं घर साधता येतं, पण तेवढंच.

(चार वेगवेगळे टायर ओळीने ठेवलेले. हात एकेक उचलतो.)

सुरुवात कुठून करायची, तर टायरपासून. बाकी सगळं बनवता येतं पण टायर बनवता येत नाही, जे मिळतात त्यातूनच निवडायचे, म्हणून स्केल मी ठरवत नाही, टायर ठरवतं. जेसीबीचं मागचं चाक मोठं आणि पुढचं लहान, ही त्याची ओळख, ती चुकली तर संपलं. मागचं खरं चाक साधारण १.४ मीटर उंच. माझ्याकडे ६२.४ मिलिमीटरचा टायर आहे. भागाकार करा, साडेबावीस येतो. म्हणजे मॉडेल खऱ्याच्या साडेबाविसाव्या हिश्शाचं. पुढचं चाक ९० सेंटीमीटरच्या आसपास, त्याला ४० मिलिमीटरचा टायर लागेल, मिळतो ४३.२ चा. चालेल, इतकं खोटं मी झोपेत पचवतो.

आता गंमत बघा. या स्केलला एक घर म्हणजे खऱ्या मशीनवरचे १८ सेंटीमीटर. वीतभर म्हणा जवळपास. जेसीबीची रुंदी सव्वादोन मीटर धरली तर घरं होतात साडेबारा.

साडेबारा! बारा नाही, तेरा नाही.

मग तुम्ही म्हणाल बारा कर किंवा तेरा कर, एवढं काय. पण सम की विषम हा टेक्निकमधला सगळ्यात मोठा प्रश्न आहे. विषम घेतलं तर बरोबर मधोमध भोक येतं, त्यातून ॲक्सल जातो, स्टीअरिंग मधे बसतं, मागचा हात मधोमध बसतो. सम घेतलं तर मधोमध भोकाऐवजी दोन भोकांमधली भिंत येते आणि मग रात्रभर बसा जुगाड करत. पहिला जेसीबी मी बाराचा केला होता, दिसायला एक नंबर, पुढचं चाक वळायचंच नाही. दुसरा अकराचा केला, तो ऊसतोडीनंतरच्या बैलासारखा हडकलेला दिसायला लागला. म्हणून आता तेरा. जरा जाडाय. असू दे.

(चॅसिसचा क्लोजअप. बोटाने दाबून दाखवतो, हलत नाही.)

चॅसिसमधे, म्हणजे खालच्या सांगाड्यात, एक गोष्ट शाळेतली कामाला आली. नुसते आडवे-उभे बीम जोडले की चौकट डुलते, पत्र्याच्या शेडसारखी, तिरका आधार द्यावाच लागतो, पण तिरका बीम भोकांवर बसेल कसा? तर पायथागोरस. तीन-चार-पाचचा त्रिकोण. फक्त इथे भोकं मोजायची नाहीत, भोकांमधली अंतरं मोजायची, म्हणजे चार, पाच आणि सहा भोकं मोजून बीम जोडायचे, टक्कन बसतात, जोर लावावा लागत नाही. सुरुवातीला मी तीन, चार, पाच भोकं मोजून जबरदस्तीने दाबत होतो आणि म्हणत होतो प्लास्टिकच खराब आलंय.

गियरचंही असंच हिशोबात बसवलेलं आहे, आणि ज्या कोणी हे बसवलं त्याला माझा नमस्कार. दातांची संख्या भागिले दोन, की गियरची त्रिज्या मिलिमीटरमधे. आठ दातांचा चार, चोवीसचा बारा. दोघं शेजारी ठेवले की चार अधिक बारा सोळा, म्हणजे बरोबर दोन घरं. सोळा आणि सोळा, तरी दोन घरं. बारा आणि वीस, परत दोन. पण सोळा आणि चोवीस लावायला जाल तर अडीच घरं येतात आणि परत आपला तो अर्ध्याचा त्रास.

(पुढचा बकेट वर जातो. ग्रिलमधली छोटी मूठ फिरवणारा हात.)

पुढच्या बकेटला दोन गोष्टी यायला हव्यात. वर जाताना त्याने तोंड खाली करून माती सांडायची नाही, आणि वर गेला की तिथेच थांबायचं. पहिलीसाठी मुख्य दांडा आणि त्याच्या वर समांतर दुसरा दांडा, दोघांच्या टोकांमधलं अंतर सारखं, मग दांडे कुठल्याही कोनात गेले तरी बकेट आपली सपाटच राहते. टेबल लॅम्पमधे हीच करामत असते. दुसरीसाठी वर्म गियर. मळसूत्रासारखा असतो, तो फिरवला तर समोरचा गियर फिरतो, पण समोरून कितीही ढकला, वर्म हलत नाही. चोवीस दातांचा गियर लावला तर मुठीच्या एका फेऱ्यात एकच दात सरकतो, म्हणजे १५ अंश, सहा फेऱ्यांत दांडा काटकोनात फिरतो. बघा. हात सोडला, तरी वरच.

पण हे सगळं बसलं कुठे, तर बोनेटखाली. आणि बोनेटखाली काय असतं? इंजिन. मी छान चार सिलिंडरचं खोटं इंजिन केलं होतं, राखाडी, बाजूला सायलेन्सर. ते काढलं. आठवडाभर जीव जळत होता. छोट्या मॉडेलचं सगळं डिझाइन म्हणजे काय ठेवायचं यापेक्षा काय काढायचं याचीच यादी असते. मोटरही अशीच गेली, मोटर बसते हो, तिच्या बॅटरीचा डबा अर्धं पोट खातो.

स्टीअरिंगला मग छपरावरच्या नारिंगी दिव्याची मूठ केलीय, दिवा फिरवला की पुढची चाकं वळतात. ही युक्ती माझी नाही, टेक्निकवाले वर्षानुवर्षं करतात. फक्त दिव्यापासून खालपर्यंत ॲक्सल न्यायचा तर तो सरळ ऑपरेटरच्या डोक्यातून जात होता. म्हणून केबिनच्या मागच्या खांबातून फिरवून आणला, दोन जादा गियर गेले, आणि प्रत्येक गियरमागे थोडा प्ले, म्हणजे सैलपणा, वाढतो, त्यामुळे आता दिवा जरा फिरतो आणि मग चाकाला आठवतं की अरे आपल्याला वळायचंय. जुन्या एसटीसारखं.

(मागचा भाग. हात हळूहळू उलगडतो.)

आणि हा मागचा हात. माझा सगळ्यात आवडता भाग, आणि सगळ्यात जास्त रात्री यानेच खाल्ल्या. खऱ्या मशीनवर हा हात डावी-उजवीकडे वळतो, वर-खाली होतो, आणि वर त्याची अख्खी बैठक मागच्या फ्रेमवर आडवी सरकते, म्हणजे भिंतीला लागून चर खणायचा असेल तर हात एका कडेला न्यायचा. ते सरकणं मी ठेवलंय. दोन आडव्या ॲक्सलवर बैठक सरकते, साधं आहे, पण पहिल्यांदा सरकली तेव्हा मी एकटाच घरात टाळ्या वाजवल्या.

हाताच्या सांध्यांना वर्म वगैरे काही नाही, जागाच नाही. तिथे फक्त पिना, बीमच्या भोकांत घालून दोन बीम जोडतात त्या. काळी पिन घट्ट असते, तिच्या अंगावर बारीक कंगोरे असतात, राखाडी पिन सैल, गुळगुळीत. दिसायला सारखीच भानगड, पण सांध्यात काळी घातली तर हात जिथे ठेवाल तिथे राहतो, राखाडी घातली तर मान टाकतो. तीन घरांच्या पिनांमधे निळी घट्ट आणि बदामी सैल. हे रंग पाठ नसतील तर टेक्निकमधे तुमचं काही खरं नाही. मी खांद्याला दोन काळ्या आणि कोपराला एक ठेवलीय. महिनाभर खेळून खांदा ढिला पडला, तर पिना बदलायच्या, आपलं वंगणपाणी एवढंच.

(लॅपटॉपचा स्क्रीन. मॉडेल गोल फिरतंय.)

हे सगळं मी आधी कॉम्प्युटरवर लावून बघतो. जेम्स जेसिमन नावाच्या एका ऑस्ट्रेलियन माणसाने १९९५ साली एलड्रॉ नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि लेगोचे तुकडे कॉम्प्युटरवर मांडायची सोय केली. १९९७ ला तो गेला, पण त्याने सुरू केलेली तुकड्यांची लायब्ररी लोक आजही फुकटात वाढवत असतात, आणि आमच्यासारखे त्यावर जगतात. स्क्रीनवर तुकडे कधी संपत नाहीत, हव्या त्या रंगात मिळतात. घात तिथेच होतो. तिसरा जेसीबी स्क्रीनवर परफेक्ट होता. प्रत्यक्षात लावताना कळलं की एक पिन अशा कोपऱ्यात आहे की ती बसवायला आधी केबिन काढावी लागते, आणि केबिन काढायची तर आधी तीच पिन काढावी लागते. कॉम्प्युटरला बोटं नसतात ना.

(पुन्हा रस्ता. जेसीबी बंद उभा. ऑपरेटरच्या हातात मॉडेल.)

मग एक दिवस आमच्या रस्त्यावर ड्रेनेजचं काम निघालं, नेहमीप्रमाणे नवीन डांबर पडल्यावर. दुपारच्या सुट्टीत मी हा खाली घेऊन गेलो. ऑपरेटरदादा बीडकडचे, बारा वर्षं मशीनवर. त्यांनी डबा बाजूला ठेवला, हात पुसले, आणि कुठे काय हलतं ते मला न विचारताच शोधून काढलं. आधी पुढचा बकेट जमिनीला टेकवला, मग मशीन डुलू नये म्हणून असतात ते मागचे पाय खाली केले, मग हात उलगडला, बरोबर खऱ्या मशीनवर करतात त्याच क्रमाने. बैठक सरकवली तेव्हा हसले. इंजिन नाही याबद्दल एक शब्द नाही. रुंदी अर्धं घर जास्त आहे, तेही नाही. मी मनात म्हटलं पास झालो.

मग केबिनमधे बोट घालून म्हणाले, "भाऊ, सीट फिरत न्हाई का याची? मागं खंदायचं तर माणूस मागं तोंड करून बसतो की."

बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर. मी इतके महिने हात कसा वळेल ते बघत बसलो आणि तो चालवणारा माणूस पुढे तोंड करून बसलेला.

(टेबल. केबिन उघडलेली. सीट फिरते, थांबते, परत फिरते.)

आता फिरते. सीटखाली एक राखाडी पिन उभी लावलीय, सैल, बोटाने टिचकी मारली की गर्रकन मागे. फक्त त्या पिनेसाठी खाली अर्धा बीम टाकावा लागला, ४ मिलिमीटर. आपल्या स्केलला ९ सेंटीमीटर. म्हणजे बीडच्या दादांना या केबिनमधे बसवलं तर डोकं छपराला लागणार, आणि छप्पर वर न्यायचं तर तो दिव्याचा ॲक्सल परत काढायला लागणार.

काढतोय.