नाना फडणवीसांचा चेहरा आणि गंगाराम तांबट

नमस्कार मंडळी! आज बोलूया १७९२ सालच्या एका पेंटिंगबद्दल. गादीवर सवाई माधवराव पेशवे, शेजारी नाना फडणवीस आणि मागे सेवक उभे. काढलंय जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने, आणि ओरिजिनल आहे लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत.

पेशवे तेव्हा १८ वर्षांचे, चेहरा अगदी कोवळा, अंगावर दागिने. आणि नाना पन्नाशीचे, किडकिडीत, लांबट चेहरा. मान पेशव्यांचा म्हणून मध्ये ते, पण माझी नजर दर वेळी नानांवरच जाते, कारण कारभार त्यांच्याच हातात होता ना! १७७३ला या पेशव्यांचे वडील नारायणराव यांचा खून झाला, पुढच्या वर्षी पुरंदरावर या माधवरावांचा जन्म, आणि चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली, तेव्हापासून बारभाई (कारभार पाहणारं मुत्सद्द्यांचं मंडळ), गादी मागणारे राघोबादादा, इंग्रज हे सगळं नानांनीच निस्तरलं आणि हा मुलगाही त्यांच्याच धाकात वाढला.

आता पुण्यात हा गोरा चित्रकार कसा? तर १७९०ला टिपूविरुद्ध मराठे, निजाम आणि इंग्रज यांचा तह झाला, १७९२ला टिपूला अर्धं राज्य सोडावं लागलं, त्यामुळे इंग्रज रेसिडेंट (दरबारातला कंपनीचा वकील) मॅलेटचं दरबारात चांगलं वजन होतं आणि त्याच्याच ओळखीने वेल्स आत आला. त्याच वर्षी महादजी शिंदेही पुण्यात आले, वेल्सने त्यांचंही पोर्ट्रेट केलं. म्हणजे मराठी सत्तेची ती तीन माणसं आपल्याला आज समोर दिसतात ती याच्यामुळे, हे मान्यच करायला हवं.

पण मला खरं सांगायचंय ते गंगाराम तांबटांबद्दल. मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, तिथले हे आपले पुण्याचे कलाकार. वेरूळच्या लेण्यांची त्यांनी काढलेली ड्रॉइंग्ज आज अमेरिकेत येल युनिव्हर्सिटीच्या म्युझियममध्ये जपून ठेवलीत, आणि आपल्याकडे किती जणांना नाव माहितीये? मला याचं फार वाईट वाटतं.

१७९५च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव वाड्यावरून पडून गेले आणि पुढच्याच महिन्यात वेल्सही मुंबईजवळ साष्टीत वारला. १७९०च्या तहाच्या दरबाराचं मोठं चित्र मग थॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराने वेल्सच्या स्केचेसवरून १८०५ला पुरं केलं, तो स्वतः त्या दरबारात नव्हताच! ते आता टेट गॅलरीकडे आहे. वेल्सची चित्रं नेटवर बघालच, पण त्याआधी गंगाराम तांबट हे नाव टाकून सर्च करा.