सबमिशन आणि ‘होऊन जाईल’

(दृश्य: वसतिगृहाची खोली, रात्र. लॅपटॉपवर ‘प्रकरण २’ एवढंच लिहिलेली फाइल.)

सबमिशनला 16 दिवस उरलेत. प्रोजेक्ट रिपोर्टात मथळ्याखेरीज काही नाही, तरी खोलीत सगळे निवांत. होऊन जाईल!

1994 साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे 34. लागले साडेपंचावन्न. सगळं बिघडलंच तर किती, याचा त्यांचा अंदाज 49 च्या आसपास होता. तोही कमीच पडला.

मग आशाच वाईट म्हणायची का? कॅन्सस विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर आशेत दोन गोष्टी मोजायचे: करून दाखवण्याची उमेद आणि ध्येयापर्यंत पोचण्याच्या वाटा. 1991 च्या त्यांच्या प्रश्नावलीत 12 विधानं आहेत. चार उमेदीची, चार वाटांची. उरलेली चार नुसती भरतीची, त्यांना गुण नाहीत. या खोलीत उमेद रग्गड आहे. घोडं अडलंय ते वाटेपाशी.

प्रकरण दोन म्हणजे आधीच्या शोधनिबंधांचा आढावा. पण ‘प्रकरण दोन लिहायचं’ यात सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. फाइल उघडली की धसका बसतो, हात मोबाइलकडे जातो आणि लगेच बरं वाटतं. चटक लागते ती या बरं वाटण्याची.

(दृश्य: वहीचं पान, पेनाने आखलेले पाच रकाने.)

आज फक्त तीन शोधनिबंध. प्रत्येकावर पाच ओळी: प्रश्न काय, पद्धत कोणती, हाती काय लागलं, काय राहून गेलं, आपल्या प्रोजेक्टला उपयोग काय. निबंध वाचला की तिथल्या तिथे संदर्भसूचीत टाकायचा. सूची शेवटच्या रात्रीवर ढकलली की मजकुरातले क्रमांक आणि सूचीतले क्रमांक हमखास जुळत नाहीत.

‘नऊला बसू’ म्हणणाऱ्याचे साडेनऊ होतात, मग थेट उद्या. त्यापेक्षा ‘मेसमधून आलो, की मोबाइल कपाटात आणि पहिला निबंध समोर’ असं ठरवावं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा ‘जर-तर’ बेतांचा अभ्यास केला. नुसत्या निश्चयापेक्षा ते जास्त वेळा तडीस जातात.

गाइड भेटले नाहीत तर काय, हेही आत्ताच लिहून ठेवायचं: त्या दिवशी आकृत्या आणि त्यांचे मथळे. आणि आपली तारीख खऱ्या तारखेच्या तीन दिवस आधीची धरायची, कारण शेवटच्या दोन दिवसांत बाइंडिंगवाल्याकडे अख्खी बॅच उभी असते.