वीस, एकवीस आणि सोळा

नमस्कार, श्रोतेहो. स्त्रिया आणि मुलांच्या व्यापाराविरुद्ध निरनिराळ्या देशांच्या सरकारांनी केलेल्या अगदी पहिल्या करारांविषयी आज बोलायचे आहे. हे करार वाचताना माझे लक्ष पुनःपुन्हा वयाच्या आकड्याकडे गेले. कोणत्या वयापर्यंतच्या मुलीला संरक्षण द्यायचे, यावर सरकारांनी बरीच घासाघीस केली, आणि तिच्यातून हिंदुस्थानातल्या मुलीच्या वाट्याला आलेला आकडा वेगळाच निघाला.

आरंभ सरकारांनी केला नव्हता. इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर यांच्यासारख्या स्त्रियांनी सरकारी परवान्याने चालणाऱ्या वेश्याव्यवसायाविरुद्ध आधीच रान उठवले होते. 1885 साली तिथे संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला मुलीची संमती कायद्याने ग्राह्य धरण्याचे वय, तेरावरून सोळावर गेले, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या एका दक्षता संघाचे चिटणीस विल्यम कूट यांनी युरोपभर हिंडून 1899 साली लंडनमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. तिच्या रेट्यामुळे पॅरिसमध्ये 18 मे 1904 रोजी पहिला सरकारी करार झाला. त्याच्या नावात ‘गोऱ्या गुलामांचा व्यापार’ असे शब्द होते, आणि कोणाची चिंता वाहिली जात होती हे त्या नावावरूनच कळते.

या करारात कोणालाही शिक्षा सांगितलेली नव्हती. रेल्वे स्थानकांवर, बंदरांत आणि प्रवासात मुलींना सोबत घेऊन निघालेल्या माणसांवर पाळत ठेवायची आणि मिळालेली माहिती परस्परांना कळवायची, एवढेच सरकारांनी कबूल केले. स्थानकांवरचे काम धर्मादाय संस्थांच्या बायका त्याआधीपासूनच करत होत्या. गाडी फलाटाला लागली की खेड्यातून शहरात चाकरी शोधायला आलेल्या, हातात एखादे गाठोडे आणि कोणीतरी दिलेला पत्ता असलेल्या मुलीला गाठायचे, तो पत्ता खरा आहे की दलालाचा हे पाहायचे आणि रात्रीपुरता आसरा द्यायचा, अशी ती सेवा होती. करारातले चौथे कलम मात्र मला सरकारी वृत्तीचा अर्क वाटते. सापडलेल्या मुलीला मायदेशी पाठवायचे आहे, पण तिच्याजवळ पैसे नाहीत आणि तिच्यासाठी भरणारेही कोणी नाही. अशा वेळी सर्वांत जवळच्या सरहद्दीपर्यंतचे भाडे ती जिथे सापडली त्या देशाने द्यावे आणि पुढचे तिच्या मायदेशाने, असे ते कलम सांगते. मुलीच्या परतीच्या भाड्याचेही सरहद्दीवर दोन तुकडे केले गेले.

शिक्षेची भाषा आली ती 4 मे 1910 च्या करारात. अज्ञान मुलीला तिच्या संमतीनेसुद्धा या धंद्यासाठी नेणे गुन्हा ठरले. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध व्हावी लागे. अज्ञान म्हणजे वीस वर्षे पूर्ण न झालेली. मात्र कराराला जोडलेल्या अंतिम टिपणात आणखी एक गोष्ट नोंदवलेली आहे: एखाद्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध कुंटणखान्यात डांबून ठेवणे हा प्रकार कितीही गंभीर असला तरी तो ज्या त्या देशाच्या अंतर्गत कायद्याचा प्रश्न असल्याने या करारात घेता आलेला नाही. म्हणजे तिला दारापर्यंत आणणारा गुन्हेगार ठरला, आणि दाराला कडी लावणाऱ्याचे काय करायचे ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिले.

पहिल्या महायुद्धानंतर हे काम राष्ट्रसंघाकडे आले. 1921 साली जिनिव्हात परिषद भरली, ‘गोऱ्या गुलामां’ऐवजी ‘स्त्रिया आणि मुले’ हे शब्द आले, मुलग्यांचाही समावेश झाला आणि वयाची मर्यादा वीसवरून एकवीस झाली. हिंदुस्थान पारतंत्र्यात असूनही राष्ट्रसंघाचा सभासद होता, त्यामुळे त्याची सही स्वतंत्र झाली. परिषदेत त्याच्या वतीने बसले होते एस. एम. एडवर्ड्स, मुंबईचे माजी पोलीस आयुक्त. हिंदुस्थानने सही करताना अट घातली, की एकवीसच्या जागी सोळा किंवा पुढे ठरेल ते त्याहून मोठे वय धरण्याचा अधिकार आम्ही राखून ठेवतो. हा सोळाचा आकडा आकाशातून पडला नव्हता. अज्ञान मुलीची वेश्याव्यवसायासाठी विक्री वा खरेदी करण्याविषयीच्या भारतीय दंडसंहितेच्या 372 आणि 373 या कलमांत तेव्हा तेच वय होते. शिवाय 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने दहाचे बारा करताना उठलेले वादळ सरकार विसरले नसावे, असा माझा तर्क आहे.

ज्या कामाठीपुऱ्यात युरोपीय बायकांच्या वस्तीमुळे एका गल्लीला ‘सफेद गल्ली’ म्हणत, त्या मुंबईत परदेशी दलालाला हद्दपार करायला पोलिसांजवळ 1864 चा कायदा होता. देशी दलालाला हद्दपार करणार कुठे? करार झाल्यावर 1923 साली दंडसंहितेत दोन कलमे घातली गेली. 366-अ प्रमाणे देशातल्या देशात फूस लावून नेलेल्या मुलीचे वय अठराखाली असायला हवे होते, तर 366-ब प्रमाणे परदेशातून आणलेल्या मुलीचे एकवीसखाली. शब्दशः पाहिले तर रत्नागिरीहून मुंबईला आणलेल्या मुलीला अठराची मर्यादा लागू होई, आणि पोर्तुगीज अमलाखालच्या पेडण्याहून आणलेल्या मुलीला एकवीसची. 372 आणि 373 या कलमांतले सोळा मात्र 1924 साली अठरा झाले, एवढे श्रेय त्या घासाघिशीला द्यायला हवे.

पुढे राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी 28 देशांत फिरून, काही ठिकाणी वेष पालटून दलालांमध्ये वावरून, 1927 साली अहवाल दिला आणि परवानाधारक कुंटणखान्यांमुळेच या व्यापाराला गिऱ्हाईक मिळते असे सांगितले. 1933 च्या कराराने सज्ञान स्त्रीच्या बाबतीतली संमतीची पळवाट बंद केली, पण तीही तिला दुसऱ्या देशात नेले जात असेल तरच. सरहद्द आणि वय या दोन्ही अटी गळून पडल्या आणि कुंटणखाना चालवणेच शिक्षेस पात्र ठरले, ते संयुक्त राष्ट्रांच्या 2 डिसेंबर 1949 च्या करारात. स्वतंत्र भारताने तो 1953 साली मान्य केला आणि 1956 साली त्याला अनुसरून आपला कायदा केला.

दंडसंहिता आता इतिहासजमा झाली आहे. तिच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत देशातल्या मुलांना फूस लावण्याविषयी 96 वे कलम आहे, आणि त्यात वयाची मर्यादा अठरा आहे. परदेशातून आणलेल्यांविषयीच्या 141 व्या कलमात मुलग्यांसाठी अठरा आणि मुलींसाठी, जिनिव्हात ठरले होते तेच, एकवीस.