वाडा पाडायच्या आधी प्रॉपर्टी कार्ड काढा

नमस्कार मंडळी! साताऱ्यातल्या जुन्या वाड्यांवर मागे बोलले आणि तेव्हापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय: “ताई, आमच्या वाड्याला एफएसआय किती मिळेल?” मंगळवार पेठ, चिमणपुरा, यादोगोपाळ पेठ, सगळीकडून तोच.

ते पटकन सांगते. एफएसआय म्हणजे जागेच्या किती पट बांधता येतं ते. २०२० पासून बांधकामाची यूडीसीपीआर नियमावली आहे, त्यात समोरचा रस्ता किती रुंद यावर बरंच ठरतं. बोळातल्या वाड्याने फार मजल्यांची आशा धरू नये. नकाशाचं आर्किटेक्ट बघतो. झालं.

आता खरं दुखणं. प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे सिटी सर्व्हेचा उतारा. त्यावर नावं कोणाची आहेत, बघितलंय? कितीतरी वाड्यांच्या कार्डावर अजून पणजोबाच मालक आहेत. माझ्या मामांकडे बिल्डर तयार, भाऊ तयार, करार टाइप झालेला. वकिलांनी विचारलं, “तुमच्या आत्या कुठे असतात?” एक कोल्हापूरला, एक कराडला, तिसरी वारलेली, तिची मुलं पुण्यात. त्यांना कोणी कळवलंही नव्हतं. सह्यांची जुळवाजुळव चालू असताना पावसाळ्यात मागची भिंत बसली.

यावर लगेच कमेंट येते, “बहिणींना लग्नात दिलंय की.” नाही हो! लग्नात दिलं म्हणून हक्क संपत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क, हे हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने देशभर झालं. महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच पाऊल टाकलं होतं. “पण आमचे वडील २००५ च्या आधी गेले” असंही विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा निकालात स्पष्ट केलं की दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदवलेलं वाटप झालं असेल तर गोष्ट वेगळी. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर ती नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देईल, पण सगळं समजून, स्वतःच्या मर्जीने. राखी पौर्णिमेला घरी आल्यावर कोऱ्या कागदावर सही घेणं, हे मला अजिबात खपत नाही.

बरं, बहिणीचं राहू द्या, फ्लॅट घेणाऱ्याचं बघा. पेठेत कोणी राहायला यावं असं मला वाटतं? शिक्षक, नर्स, एसटीतले कर्मचारी, मोती चौकातल्या दुकानांतले हिशेबनीस. हीच माणसं शाहूपुरी, कोडोलीकडे गेली आणि पेठा रिकाम्या व्हायला लागल्या. त्यांचं घर कर्जावर उभं राहतं. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना व्याजात १ लाख ८० हजारांपर्यंत सवलत आहे, घर ३५ लाखांच्या आतलं आणि कर्ज २५ लाखांपर्यंत हवं. पण बँकेचा वकील टायटल सर्च काढतो, म्हणजे मालकी कोणाकोणाची ते तपासतो. एक वारस बाहेर राहिला की फाईल परत. मग फ्लॅट घेतो कोण? ज्याच्याकडे रोख आहे तो. आणि तो तिथे राहात नाही, कुलूप लावून ठेवतो.

तिसरी गोष्ट, आणि ही फार महत्त्वाची आहे. पेठेतले प्लॉट लहान. जागा ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांचं संरक्षण करणारा कायदा, त्याखालच्या नोंदणीची सक्ती नाही. म्हणजे रेराच्या साइटवर टायटल रिपोर्ट बघायला मिळेलच असं नाही. तेव्हा घेणाऱ्यांनो, सॅम्पल फ्लॅटच्या फरशा नंतर बघा, आधी कार्डाची ताजी प्रत मागा आणि त्यावरची नावं कराराखालच्या सह्यांशी एकेक करून ताडून बघा. बिल्डर प्रत देत नसेल तर तिथून उठा.

शुक्रवार पेठेतल्या एका काकांनी विचारलंय, “वाड्यात जुने भाडेकरू आहेत, त्यांचं काय?” काका, १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा त्यांना वाऱ्यावर सोडत नाही. पुनर्बांधणीसाठी जागा रिकामी करून घेतली तर नव्या इमारतीत परत येण्याचा हक्क त्यांना आहे. त्यांची जागा नकाशात आधीच दाखवा, तसा लेखी करार करा. ज्या कुटुंबाने उमेदीचे दिवस त्या जिन्यावर काढले, त्याला शेवटी कळवायचं ही पद्धत बंद करा.

उताऱ्यासाठी सिटी सर्व्हे ऑफिसला जा, ऑनलाइनही मिळतो. मग वंशावळ लिहायला बसा. सगळ्यात आधी आत्यांची नावं लिहा, वारलेल्यांचीसुद्धा, त्यांच्या मुलांसकट.