विद्यापीठात गवई घडतो का?

मंडळी, नमस्कार.

मंडळाच्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात एका ताईंनी विचारलं, “लेक गाण्यात बी.ए. करायचं म्हणतेय. पुढे पोटापाण्याचं काय?” प्रश्न जुनाच आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हाही गाणाऱ्याला मानानं जगता यावं ही तळमळ होतीच. १९२६ मध्ये संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंड्यांच्या पुढाकारानं लखनौला संगीताचं कॉलेज उभं राहिलं. तरी ‘कॉलेजात गवई घडत नाही’ हे आपल्याकडे अजून ठासून सांगितलं जातं.

माझ्या मते ते अर्धंच खरं आहे. गळा गुरूसमोर बसूनच तयार होतो. सेमिस्टर संपली म्हणून यमन राग संपत नाही. पुणे विद्यापीठाच्या १९८७ साली सुरू झालेल्या ललित कला केंद्रानं म्हणूनच गुरुकुलाची वाट धरली: गुरूकडे तालीम, आणि सोबत विभागात शास्त्र, इतिहास. गायिका प्रभाताई अत्रे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांकडे शिकल्या, विज्ञान आणि कायद्याच्या पदव्या घेतल्या, सरगमवर डॉक्टरेट केली, आकाशवाणीत काम केलं, एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या. आणि मैफली? त्या चालूच होत्या.

विद्यापीठाचं खरं काम तालमीपलीकडचं आहे. घरी मारवा राग दीड तास आळवता येतो. कार्यक्रमात चाळीस मिनिटांत तो उभा करायचा तर विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, कुठे आवरायचं, हे कुणीतरी बसवून घ्यावं लागतं. मुलीचा स्वर पेटीच्या पट्टीनं पांढरी पाच आणि समोर आलेला तबला काळी एकचा! कितीही ठोका, तो तिथे मिळत नाही. हे आयोजकाला आधीच फोनवर सांगायचं असतं. मॉनिटरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यासमोरच्या स्पीकरमध्ये, तानपुरा किती हवा, आकाशवाणीच्या ऑडिशनला कोणता राग न्यावा, कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट-सेट ही पात्रता परीक्षा कधी द्यावी, सगळं शिकवण्यासारखं आहे. आणि मानधनाचा विषय काढताना आवाज कापू न देणं, हे तर पहिल्याच वर्षी!

आता आपल्या मंडळांकडे बघू. कुठल्याशा एका मंडळात मी स्वतः पाहिलंय: शिकून आलेल्या मुलीला वीस मिनिटं, तीही बटाटेवड्यांच्या रांगेसमोर. तबलजी आयत्या वेळी शोधलेला. शेवटी शाल-श्रीफळ आणि “आमच्यासाठी एवढं करशीलच ना?” निवेदकाला मात्र पंचवीस मिनिटं मिळाली होती, असो.

ताई, लेकीला पाठवा. जाण्याआधी तिला गुरू कोण मिळणार, ते नक्की करा. आणि आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे माझा प्रस्ताव असा: दिवाळीत एका तरुण गायिकेला किंवा गायकाला सलग सव्वा तास द्यायचा, जेवण त्यानंतर. साथीदार त्या कलाकाराशी बोलून ठरवायचे. मानधनाचा आकडा आधी, पत्रिका मग.